सतरंजीवरचा योग ड्युटीवर टिकत नाही. काय करावं?

घाटमार्ग:

नमस्कार मंडळी. मी एसटीत कंडक्टर आहे, नोकरीचं हे 13वं वर्ष. कराड-चिपळूण ही माझी नेहमीची फेरी. पाटण, कोयनानगर, मग कुंभार्ली घाट उतरून पोफळी, अलोरे आणि चिपळूण.

गेली 4 वर्षं मी योगवर्गाला जाते. पहाटेची ड्युटी असेल तर साडेतीनला उठते. 12 सूर्यनमस्कार, अनुलोम-विलोम, मग 10 मिनिटं डोळे मिटून बसायचं. रविवारी आमच्या बाई पतंजलींच्या योगसूत्रांतलं एक सूत्र सांगतात, ते आम्ही आठवडाभर पाठ करतो. त्यामुळे निदान पहिली 40 सूत्रं मला तोंडपाठ आहेत. कंबरदुखी गेली, झोप लागायला लागली, हे सगळं खरं आहे आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

आता मुद्द्याचं सांगते. तीन आठवड्यांपूर्वी बाजारच्या दिवशी गाडी खच्चून भरली होती. सीटा भरून पाठीमागेपर्यंत माणसं उभी, मधल्या वाटेत पाट्या आणि पिशव्या. एका फाट्यावर एक म्हातारबा चढले. धोतर, वर स्वेटर, डोक्याला मफलर. मी म्हटलं, "बाबा, आधार कार्ड दाखवा." 75 पूर्ण झालेल्यांना तिकीट लागत नाही, पण वयाचा पुरावा लागतो. ते म्हणाले, "पंच्याहत्तर कवाच झाली की गं. कार्ड घरी ऱ्हायलं."

कार्ड नसेल तर पूर्ण तिकीट. मध्येच तपासणीला कुणी चढलं तर केस माझ्यावर होते. त्यामुळे तिकीट घ्या म्हटलं यात माझं चुकलं असं मला आजही वाटत नाही. पण मी तेवढ्यावर थांबले नाही. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "रोजचं आहे तुमचं. फुकट बसायचं म्हणून काहीपण सांगायचं. कार्ड नाही तर घरी बसावं माणसानं." मागची दोन-तीन पोरं हसली. एक जण म्हणाला, "बरोबर बोललात मॅडम."

म्हातारबा काही बोलले नाहीत. स्वेटरच्या आत हात घालून त्यांनी प्लास्टिकची पिशवी काढली. तिला गाठ मारलेली होती. गाडी वळणावर होती, एक हात दांडीला, बोटं थरथरत होती, गाठ सुटेना. मी हात पुढे करून उभी. शेवटी त्यांनी एकेक नाणं माझ्या तळहातावर मोजून ठेवलं. त्यातलं एक पडलं आणि घरंगळत सीटखाली गेलं. मी वाकले नाही. शाळेची एक मुलगी वाकली, तिनं ते उचलून मला दिलं.

आणि उतरताना ते मागे वळून म्हणाले, "येतो गं लेकी."

त्या दिवशी पहाटे मी नेहमीपेक्षा जास्त वेळ बसले होते. मन अगदी शांत होतं. ते शांत मन साडेनऊला कुठे गेलं?

आमच्या बाई म्हणतात योग जगायचा असतो. पण 70 माणसं अंगावर असताना, एका हातात मशीन आणि एका हातात सुट्टे असताना तो कसा जगायचा, हे कुणी सांगत नाही. आणि दुसरं, योग म्हणजे चित्तवृत्तिनिरोध, मनात उठणाऱ्या वृत्ती थांबवणं, असं सूत्रात आहे. ते म्हणजे राग दाबणं का? तेही करून पाहिलं. एक अख्खा दिवस दात आवळून गोड बोलले आणि रात्री पोरीच्या वहीतल्या अक्षरावरून घर डोक्यावर घेतलं. असं असेल तर तो निरोध मला नको.

कुणाला याचा अनुभव असेल तर कृपया लिहा. "सकारात्मक राहा" वगैरे नको.


पहिला_घोट:

ताई, मी पिंपरीला कारखान्यात शॉप फ्लोअरवर सुपरवायझर आहे. आमच्याकडे डोळे मिटून बसायला जागा नाही आणि आवाजात काही ऐकूही येत नाही. मी एवढंच ठरवलं आहे की चहाचा पहिला घोट घेताना दुसरं काही करायचं नाही. बोलायचं नाही, मोबाइल बघायचा नाही. पाळीत दोनदा चहा होतो, म्हणजे दोनदा. आधी मी मोबाइलवर दर तासाला गजर लावून पाहिला होता, चौथ्या दिवशी तो न बघताच बंद करायला लागलो. रोज हातून होणाऱ्या कामालाच गाठ मारली तर ती टिकते, एवढंच माझं म्हणणं.


जुना_फळा:

ताई, मी 31 वर्षं माध्यमिक शाळेत संस्कृत शिकवलं, आता निवृत्त आहे. तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. मला योगसूत्रं विशीत पाठ होती, आणि ती पाठ असताना मी एका मुलाला 'रामः रामौ रामाः' येत नाही म्हणून सगळ्या वर्गासमोर उभं करून नको ते बोललो आहे. तो मुलगा दुसऱ्या दिवसापासून शेवटच्या बाकावर जाऊन बसला आणि वर्षभर तिथेच राहिला. त्यामुळे हे वरून सांगितलेलं समजू नका.

आधी तुमचा दुसरा प्रश्न घेतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यात आहे.

वृत्ती म्हणजे राग असं आपण धरून चालतो. पतंजलींनी वृत्ती पाच सांगितल्या: प्रमाण (खरं ज्ञान), विपर्यय, विकल्प (नुसत्या शब्दांवरची कल्पना), निद्रा, स्मृती. त्यांत क्रोध नाही. विपर्यय म्हणजे चुकीचं ज्ञान, जी वस्तू जशी नाही तशी ती दिसणं. जुने टीकाकार उदाहरण देतात ते आकाशात दोन चंद्र दिसण्याचं. चंद्र एकच आहे, तो नीट दिसला की दुसरा आपोआप जातो, त्याला हाकलावं लागत नाही.

आता गाडीत चला. म्हातारबा चढले आणि "कार्ड घरी राहिलं" म्हणाले. त्या क्षणी तुम्हाला कोण दिसलं? तुमच्याच शब्दांत, फुकट बसणारा. तो दुसरा चंद्र. राग त्या माणसावर नव्हताच, त्या दिसण्यावर होता. तुम्ही ज्या दिवशी दात आवळून राहिलात त्या दिवशीही दिसणं तेच होतं, फक्त जीभ बांधली होती. मग ते रात्री मुलीच्या वहीवर निघालं. निरोध करायचा तो या चुकीच्या दिसण्याचा. जीभ बांधणं म्हणजे निरोध नव्हे. तुम्हाला "तो निरोध मला नको" असं वाटलं ते योग्यच आहे.

याच्या पुढे 33वं सूत्र येतं, समाधिपादातलं, म्हणजे योगसूत्रांच्या पहिल्या भागातलं. तुम्हाला पाठ असणारच: मैत्रीकरुणामुदितोपेक्षाणां सुखदुःखपुण्यापुण्यविषयाणां भावनातश्चित्तप्रसादनम्. सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, चांगलं वागणाऱ्याविषयी मुदिता म्हणजे आनंद, आणि वाईट वागणाऱ्याविषयी उपेक्षा. मला हे सूत्र फार वर्षं गोड गोड वाटायचं. नंतर कळलं की ते कामाचं आहे, अगदी हातातल्या मशीनसारखं. कारण चार भावनांच्या आधी त्यात एक गोष्ट गृहीत आहे, की समोरचा माणूस कोणत्या खान्यातला आहे ते आधी ओळखायचं. तुमच्याकडून म्हातारबा चौथ्या खान्यात पडले, ते होते दुसऱ्या खान्यात. आवाज नंतर चढला.

तुमच्या गाडीत हे चारही रोज चढतात. लग्नाला निघालेली पोरं गाणी म्हणतात आणि आपलं डोकं दुखत असतं. दुसऱ्याचं सुख आपल्याला टोचतं, हे स्वतःशी कबूल करायला जड जातं, म्हणून तिथे मैत्री सांगितली. कुणी उठून पोटुशा बाईला जागा देतो. दिवसभरात असं किती वेळा होत असेल, आणि रात्री आठवतो तो एक भांडखोर. म्हणून मुदिता. तसं काही दिसलं की मनात फक्त "वा" म्हणा, पुढे चला.

उपेक्षेचं मात्र नीट समजून घ्या. मराठीत तिचा अर्थ हेळसांड, दुर्लक्ष असा झाला आहे. मूळ शब्दात 'ईक्ष्' आहे, म्हणजे पाहणं. तिकीट चुकवायला मागे लपलेल्याला तिकीट घ्यायला लावायचं नाही, असा त्याचा अर्थ नाही. लावायचंच. दंडाची वेळ आली तर दंडही होऊ द्यायचा. पण तो उतरून गेल्यावर त्याला मनात बसवून पुढच्या पाच थांब्यांपर्यंत न्यायचं नाही, कारण त्याच्यावरचा राग सहाव्या थांब्यावर चढणाऱ्या म्हातारबांच्या वाट्याला येतो. त्या दिवशी असं कुणी आधी भेटलं होतं का, आठवून पाहा.

आता गर्दीत ओळखायला वेळ कुठून आणायचा? मन बिघडलं की त्याच्यासोबत काय काय येतं ते 31व्या सूत्रात दिलं आहे, आणि त्यात श्वास आहे. राग कळायच्या आधी श्वास कळतो. तो वर अडकतो, छातीत. म्हणून 34वं सूत्र श्वास बाहेर सोडायला आणि रोखायला सांगतं. त्यातलं सोडणं तेवढं घ्या. तुमच्या हातात तर घंटीची दोरी आहे! एक घंटी थांबा, दोन घंट्या चला. दोरी ओढाल तेव्हा श्वास पूर्ण बाहेर सोडायचा. दिवसातून दीड-दोनशे वेळा होईल. वरती पिंपरीच्या गृहस्थांनी चहाच्या घोटाचं सांगितलं, ते हेच. आसनांवर 195 सूत्रांपैकी फक्त 3 आहेत, त्यामुळे योग सतरंजीवरच होतो हा समज पतंजलींचा तरी नाही.

आणखी दोन गोष्टी, मग थांबतो.

तुम्ही लिहिलं की मागची पोरं हसली आणि एक जण "बरोबर बोललात" म्हणाला. साधनपादात, म्हणजे योगसूत्रांच्या दुसऱ्या भागात, हिंसेचे तीन प्रकार सांगितले आहेत: स्वतः केलेली, करवलेली आणि अनुमोदन दिलेली. म्हणजे तो मुलगाही त्यात आला. हे तुमचं ओझं कमी व्हावं म्हणून सांगत नाही. गर्दीची वाहवा मिळाली की आपल्याला आपलं दिसणं खरं वाटायला लागतं, त्याकडे लक्ष असू द्या. माझा वर्गही त्या दिवशी हसला होता.

आणि प्रतिपक्षभावन. वाईट विचार आला की चांगला विचार आणायचा, असं वर्गात सांगतात. सूत्र त्याहून कडक आहे: हे केल्याचं फळ काय, ते आठवायचं. तुमच्याकडे ते आहे. सीटखाली घरंगळत गेलेलं नाणं. ते विसरायचा प्रयत्न करू नका. स्वतःला टोचायलाही वापरू नका. जीभ सुटायच्या बेतात असेल तेव्हा ते नाणं फक्त दिसलं पाहिजे.

आज ते तुम्हाला तीन आठवड्यांनी इतकं स्पष्ट दिसतं आहे. अभ्यास म्हणजे हे दिसणं अलीकडे आणत जाणं. आधी त्याच रात्री दिसेल, मग पुढच्या थांब्यावर, मग बोलून झाल्या झाल्या, आणि कधी तरी बोलण्याआधी. व्यासांनी योगसूत्रांवरच्या भाष्यात म्हटलं आहे, चित्त ही नदी दोन्हीकडे वाहते, कल्याणाकडेही आणि पापाकडेही. पापाकडचा प्रवाह वैराग्याने अडवायचा आणि कल्याणाकडचा अभ्यासाने उघडायचा. धरणासारखं काम आहे ते, आणि तुम्ही कोयनेच्या काठाने रोज जाता.


रात्रपाळी:

मी सोलापूरला नर्स आहे, 17 वर्षं झाली. सरांचं उत्तर मनापासून आवडलं, पण ताईंनी लिहिलेल्या एका वाक्यावर कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. साडेतीनला उठता, ताई. झोपता किती वाजता?

30व्या सूत्रात नऊ अडथळे आहेत. त्यात पहिला आहे व्याधी. त्यानंतर स्त्यान, म्हणजे मन जड होणं, काही करवेनासं होणं. संशय, आळस, भ्रम हे सगळे नंतर. यादीच्या तोंडाशी शरीर आहे. मी हे माझ्या वॉर्डात शिकले. सलग चौथ्या रात्रपाळीला मी एका पेशंटच्या आईवर ओरडले होते. ती फक्त एवढंच विचारत होती की सलाईन संपत आलंय का. त्या रात्री मला करुणेची कमतरता नव्हती, झोपेची होती. घरी जाऊन सहा तास झोपले आणि संध्याकाळी त्याच बाईशी मी जशी आहे तशी बोलले.

दुसरं, पाणी. तुम्ही लिहिलं नाहीत, पण मी विचारते, कारण माझी मावसबहीण कंडक्टर आहे. ती ड्युटीवर पाणी पीत नाही. वाटेत बाईमाणसानं जायचं कुठे, म्हणून सकाळपासून घोटभर पाण्यावर राहते. मग दहा वाजता डोकं ठणकतं, लघवीला जळजळ होते, आणि त्या अंगाने 70 माणसांशी बोलायचं. अशा वेळी श्वास सोडा, भावना बदला, हे सांगणं मला अपुरं वाटतं. गीतेतही युक्त आहार-विहाराबरोबर झोप आणि जागणं युक्त हवं असं म्हटलं आहे, आणि मग योग दुःख दूर करतो असं येतं.

मला एक भीती वाटते. आपण बायका योग शिकतो आणि तो सहन करायला वापरतो. जे बदलायला हवं त्यावर श्वास सोडत राहतो. स्वच्छतागृह नसेल तर त्यासाठी सह्या गोळा करणं हेही योगाच्या आड येत नाही. माझं बोलणं तिखट वाटलं तर माफ करा. पण तुम्ही स्वतःला एवढं दोषी धरून बसला आहात, तर तुम्ही म्हातारबांसाठी मागता ती करुणा तुमच्या अंगालाही द्या. तेही बिचारं साडेतीनपासून उभं आहे.


जुना_फळा:

रात्रपाळी ताईंनी लिहिलेलं माझ्या उत्तराच्या आधी वाचावं. मी व्याधी हा शब्द 50 वर्षं म्हणत आलो आणि त्यावरून सरळ पुढे जात आलो.


घाटमार्ग:

सगळ्यांचे आभार. सर, तुम्ही विचारलंत म्हणून आठवून पाहिलं. होय. म्हातारबांच्या आधी दोन थांबे, एका माणसानं पुढच्याच गावाच्या तिकिटाला 500ची नोट दिली आणि सुट्टे नाहीत म्हटल्यावर मला नको ते बोलला होता. मी हे पार विसरले होते. त्याला मी एक शब्द बोलले नव्हते.

रात्रपाळी ताई, पाण्याचं खरं आहे. साडेदहाला झोपते. आता यावर लगेच काही लिहीत नाही. करून बघते आणि सांगते.


घाटमार्ग (6 आठवड्यांनी):

सांगायला उशीर झाला.

आधी जे जमलं नाही ते. दोरी ओढताना श्वास सोडायचा, हे पहिले चार दिवस दुपारनंतरच आठवायचं. पाचव्या दिवशी मी मशीनवर, अंगठ्याच्या जागी, लाल टिकली लावली. ती दिसली की आठवतं. आता दोरीवर हात गेला की श्वास आपोआप सुटतो, पण आपोआप सुटायला लागल्यावर त्यातलं लक्ष गेलं. म्हणून परत टिकलीची जागा बदलली. हे असं दर आठवड्याला करावं लागेल असं दिसतंय.

दोनदा तोंड सुटलं. एकदा कॉलेजच्या मुलावर, एकदा ड्रायव्हर दादांवर. मुलाचं त्याच रात्री दिसलं. दादांचं पुढच्याच थांब्यावर दिसलं, आणि चहाच्या वेळी मी त्यांना म्हटलं, मघाशी मी जास्त बोलले. ते म्हणाले, "हो, बोललीस." आणि चहाचे पैसे त्यांनीच दिले.

एक गोष्ट मात्र वेगळी झाली, ती सविस्तर सांगते. परवा पाटणच्या अलीकडे एक बाई चढली. साठीची असेल. अर्धं तिकीट घेतलं, मग म्हणाली उरलेले पैसे दिले नाहीस. मी दिले होते. ती म्हणाली नाही दिले. आवाज चढला. माझा श्वास इथे, गळ्याखाली, दगडासारखा आला आणि तो मला कळला. पहिल्यांदाच आधी कळला. मी दोरी धरली नव्हती तरी श्वास सोडला. तेवढ्यात मला तिचा हात दिसला. मुठीत एक चिठ्ठी घट्ट चुरगळलेली होती, सरकारी दवाखान्याची. मी म्हटलं, "मावशी, मूठ उघडा बरं." चिठ्ठीच्या घडीत माझे पैसे होते. ती बघतच राहिली. मी बाजूच्या मुलाला उठवून तिला बसवलं. दवाखान्यात कोण आहे ते मी विचारलं नाही, तिनं सांगितलंही नाही.

मी करुणा वगैरे काही मनात आणली नव्हती. हात दिसला, एवढंच. सर, तुम्ही दोन चंद्रांचं लिहिलंत ते मला तिथे कळलं.

पाण्याचं सांगते. एक लिटरची बाटली नेते आणि कोयनानगरला पोचेपर्यंत ती अर्धी संपवायची असं ठरवलं आहे. आम्ही पाच जणींनी मिळून अर्ज दिला आहे. वाटेतल्या दोन थांब्यांची नावं लिहिली आहेत, जिथे दार नीट बंद होत नाही आणि पाणी नसतं. पोच घेतली आहे. साडेनऊला झोपते. त्यासाठी सूर्यनमस्कार 12चे 6 केले. आमच्या बाईंना सांगितलं तेव्हा मला वाटलं रागावतील, त्या म्हणाल्या सहाच कर, पण सहा कर.

आणि नदीचं. सर, तुम्ही धरणासारखं काम म्हणालात, ते मी रोज बघते पण कधी जोडलं नव्हतं. कोयना हेळवाकला पूर्वेकडे वळते आणि आमच्या रस्त्याच्या सोबतीनं येत कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. पण धरणात अडवलेलं तिचंच पाणी बोगद्यातून डोंगराच्या पोटातून पश्चिमेला जातं, खाली पोफळीला वीज करतं आणि वाशिष्ठी नदीतून चिपळूणकडे निघतं. एकच पाणी, एक बाजू बंगालच्या उपसागराकडे आणि एक अरबी समुद्राकडे. मी 13 वर्षं याच पाण्याच्या दोन्ही टोकांना तिकिटं फाडते आहे. घाटात वरच्या वळणावर गाडी आली की आता मला ते आठवतं. कुठल्या बाजूला जास्त सोडायचं हे नदी ठरवत नाही, दारं ठरवतात.

म्हातारबांना शोधते आहे. त्या फाट्यावर गाडी थांबली की दारातून बघते. बाजारच्या दिवशी तर मुद्दाम खाली उतरते. अजून दिसले नाहीत. तिथल्या चहाच्या टपरीवाल्याला विचारलं, मफलरवाले बाबा, एकटे येतात, "लेकी" म्हणतात. तो म्हणाला इथे सगळेच म्हातारे तसेच असतात, कुणाचं सांगू.

एक विचारायचं राहिलं. पुढच्या महिन्यात मला मुक्कामी गाडी आहे. रात्री गावातच राहायचं, पहाटे तिथून पहिली फेरी. खोलीत आम्ही दोघी कंडक्टर असणार, दुसरीला लवकर उठायची सवय नाही. दिवा लावून, श्वासाचा आवाज करत मी माझा अभ्यास करू का? तिची झोप मोडेल.


रात्रपाळी:

तिला झोपू द्या. गाडीत जाऊन बसा. पहाटे गाडी रिकामी असते.


जुना_फळा:

आणि शाल न्या. घाटाखालीही पहाटे गार असतं.